डावी टाच

अर्जात एक रकाना असतो:
रुग्णांशी प्रत्यक्ष संबंध, एकूण तास.
मी तीन नोकऱ्या कागदावर मांडल्या होत्या.
रुग्णवाहिका: धावपळ, मुलाखतीत सांगायला गोष्टी.
डॉक्टरांमागे बसून टिपणं टाईप करणं: उबदार खोली, ओळखी.
आणि टेकडीच्या उतारावरचा वृद्धाश्रम,
रात्रपाळी, ताशी सतरा डॉलर, गणवेश ज्याचा त्याचा.
तिसरी घेतली. कारण उदात्त नव्हतं.
तिथे बसने जाता येत होतं.

हबीबोनं पहिल्या रात्री मला मोजे घालायला शिकवलं.
मोजा आधी उलटा करायचा, टाचेपर्यंत,
मग पाऊल आपल्या मांडीवर घ्यायचं.
"आपण वाकायचं, टिल्डा. त्यांना वाकवायचं नाही."
एकोणीस वर्षं ती हे करते आहे.
मी सांगितलं, मला बाराशे तास हवेत, पुढच्या जूनपर्यंत.
ती टॉवेलांच्या घड्या घालत होती.
"बरं. आणि बाराशे एकाव्या तासाला
आर्विडचे मोजे?"

मला तो टोमणा वाटला.

आर्विड हाल्वोर्सन, खोली चौदा.
लोहखनिजाच्या बोटींवर चाळीस वर्षं आचारी.
आता त्याला चमच्यानं भरवायचं, पाणीसुद्धा घट्ट करून,
आणि दर घासाला तो माझ्याकडे असा बघतो
जणू हे मीच शिजवलंय.
शब्द बहुतेक गेले. 'मीठ' राहिलाय.
पहिल्यांदा त्याला पुसताना मी श्वास रोखून धरला होता.
त्याच्या ते लक्षात आलं.
त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं,
मला बरं पडावं म्हणून.

दर दोन तासांनी कूस बदलायची, तक्त्यात खूण करायची.
फेब्रुवारीत, खिडकीबाहेर सरोवर गोठून पांढरंफटक,
मी भांडारात खोक्यावर बसून
जीवरसायनशास्त्राचं सातवं प्रकरण वाचत होते.
परीक्षा बारा दिवसांवर.
दोनची खूण मी बसल्या जागेवरून केली.
चारचीही.

सहाला मोजे घालायला गेले.
डावी टाच लाल. अंगठ्यानं दाबली,
सोडल्यावर पांढरी व्हायला हवी होती.
झाली नाही.
याचं नाव मला येत होतं, टप्पे येत होते,
कुठल्या पानावर आकृती आहे तेही.

हबीबो रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं.
तिनं पोटरीखाली उशी सरकवली,
टाच हवेत तरंगती ठेवली.
"लिही."
काय?
"झालं ते."
दोन खुणा मी खोडल्या. शेजारी माझी सही.

गुरुवारी डॉक्टर आले, चार मिनिटं.
त्यांनीही अंगठ्यानं दाबून पाहिलं.
तक्ता उघडला नाही.
म्हणाले, "वेळेवर सापडलं हं. कुणी पाहिलं?"
हबीबोनं माझ्याकडे बोट केलं.
मी तक्ता पुढे केला, पण ते कोट चढवत होते.
"शिफारसपत्र लागलं तर सांग," म्हणाले,
आणि खोली पंधरात गेले.

हबीबोला मी अजून विचारलेलं नाही
तिनं बोट का केलं.
त्या वेळी तिच्या हातात आर्विडचा चष्मा होता,
ती गणवेशाच्या टोकानं तो पुसत राहिली.

अर्जात अनुभवासाठी सातशे अक्षरं देतात.
टाच लिहिली. खोडली. पुन्हा लिहिली,
तेव्हा सातशे एकतीस झाली,
आणि कापायला एकच वाक्य सुटं होतं,
खुणांचं.
अर्ज तसाच उघडा आहे.

बाराशे तास मागच्या सोमवारी भरले.
मंगळवारी मी पाळीवर होते.
टाचेची कातडी आता गुलाबी, थोडी चकचकीत,
तिच्यावर मोजा हळू चढवावा लागतो.

पहाटे बंदरात मोसमातली पहिली बोट आली.
भोंगा टेकडीपर्यंत पोचला, काच थरथरली.
आर्विडनं मान उचलली.
खिडकीकडे नाही, दाराकडे.
न्याहारीला किती जण येतायत
ते बघायला.